दिवाळ्यापासून दिव्यापर्यंत

भाचीने गाडी भाड्याने घेतली, चक्क दोन दिवसांसाठी.
मी म्हटलं, तेजल, सगळं मिळून पंचवीस किलोमीटर भरेल,
सकाळी निघालो तर नाश्त्याला घरी.
ती म्हणाली, मामा, पाण्याच्या दोन बाटल्या घे. आणि टोपी.

तिकडे, ऑस्ट्रेलियात, तिने एकवीस दिवस अशीच गाडी हाकली होती,
कधी समुद्र सोबतीला, कधी गव्हाची सपाट रानं,
आणि गाव यायच्या आधी रस्त्याकडेला पाटी :
वर नाव, खाली माणसं. तीनशे बारा.
"कुणी मेलं की बदलतात?" मी विचारलं.
"काय माहीत. मी तेवढी थांबले नाही."

दिवाळ्याला धक्क्यावर वाकट्या वाळत होत्या.
तिने काच खाली केली, डोळे मिटले,
आणि मागची गाडी भोंगा वाजवत राहिली.

करावे, दारावे.
गावाच्या नावाची कमान असते, तिच्यातून आत शिरायचं,
एक वळण, एक देऊळ, गच्च्यांवर टाक्या,
आणि आपण पुन्हा सेक्टरमध्ये.
"संपलं?" ती म्हणाली.
"तू थांबली नाहीस तेवढी."

सारसोळ्याला हशा नाखवा जाळं विणत बसला होता, निळं, नायलॉनचं.
कुठल्या मासळीसाठी, तिने विचारलं.
"चेंडूसाठी," हशा म्हणाला.
क्रिकेटच्या टर्फला चारी बाजूंनी लावतात तसलं,
वरूनही लागतं, षटकार बाहेर जातात.
खाडीपेक्षा बरं सापडतं, म्हणाला,
आणि गाठ दाताने आवळली.

जुहूगाव. बोनकोडे. इथे ती गप्प होती,
मी एकटाच बोलत होतो : हे मिठागर, हे मिठागर, हेही.
ती बघायची तिथे फर्निचरचं दुकान.

घणसोलीच्या सिग्नलला लाल दिवा लागला तेव्हा मी म्हटलं,
इथे. थांब. तशीही थांबलीच आहेस.
या चाकांखाली आमचं खाचर, नाव चिकणी.
भरतीचं पाणी बांध फोडून आत यायचं
तरी काळा राता उभा राहायचा, खारं पिऊन.
तुझी आई इथे चिंबोऱ्या धरायची,
एकदा बोट अडकलं तर बापाने शिवी चिंबोरीला दिली, तिला नाही.
नव्वद सेकंद होते. नव्वदातले वीस
खिडकीशी आलेल्या टिश्यूवाल्या पोराने घेतले.
हिरवा झाला.
साडेबारा टक्क्यांची इमारत पुढच्या गल्लीत आहे,
ती दाखवायची राहून गेली. राहू दे.

तळवलीला पदूबाईची बर्फाची पेटी होती, पदूबाई नव्हती.
झाकणावर चौकोनी काळं-पांढरं नक्षीचं स्टिकर.
तेजल म्हणाली, तिकडे असंच!
टेबलावर भोपळे, शेजारी फटीचा डबा,
मैलभर चिटपाखरू नाही, पैसे टाकायचे नि न्यायचं.
आम्ही निवट्यांचा एक वाटा घेतला, तिने मोबाइल धरला,
आणि पेटीमागून कुणी बाई बोलली : ऐंशी रुपये प्राप्त झाले.
ही पदूबाई नक्कीच नाही.
पदूबाईला काही 'प्राप्त' होत नाही, तिला 'गावतं',
आणि ऐंशीला तर ती वाट्याकडे बघूही देत नाही.

दिव्याला पोचलो तेव्हा दिवेलागण.
रस्ता खाडीपाशी संपतो, म्हणजे पूल वरून जातो
आणि खाली आपण.
गुरुवारचं तिचं विमान. ती म्हणाली,
मामा, आपल्या आळीला पाटी लावली तर आकडा काय लिहायचा?
मी मोजायला लागलो. घराघरांतून गेलो, मनातल्या मनात,
थळ्यांच्या ओट्यापर्यंत आलो आणि अडलो :
भाडेकरू धरून, की सोडून?
"मला धरून की सोडून?" ती म्हणाली.
निवट्यांच्या पिशवीतून पाणी गळत होतं सीटवर.

दुसऱ्या दिवशी गाडीवाल्याने आकडा पाहिला, पुन्हा पाहिला.
दोन दिवसांत एक्केचाळीस किलोमीटर?
बंद पडली होती का?
नाही, मी म्हटलं. लांब गेलो होतो.